पणतीत झाकलेल्या अळ्या

कपाशीचं फूल पहिल्या दिवशी सायीसारखं पिवळट पांढरं असतं. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होऊन मिटतं, मग गळून पडतं आणि मागे बोंडाची बारीक गाठ उरते. हे मी आयुष्यभर पाहत आलो. पण एखादं फूल उमलतच नाही. त्याच्या पाकळ्या एकमेकींत गुंतून बसतात आणि ते गुलाबाच्या कळीसारखं घट्ट राहतं. त्याला आमच्याकडे डोमकळी म्हणतात. दिसायला मोठी देखणी. पाकळ्या हलक्या हाताने सोडवल्या की आत बसलेली असते गुलाबी बोंडअळी, स्वतःच्याच रेशमाने दार शिवून घेतलेली.

परवा माझा पुतण्या भास्कर रानातून आला आणि त्याने अशी एक डोमकळी माझ्या खाटेवर ठेवली.

"काका, बगा. बियातच औषध हाय म्हणले होते. अळीनं पान खाल्लं की मरती म्हणले होते. ही तर सासरवाडीला आल्यावानी बसलीय."

"पहिली काही वर्षं मरत होती की रे."

"मंग आता काय झालं?"

"मरणाऱ्या मेल्या," मी म्हणालो. "न मेलेल्या उरल्या. त्यांची ही लेकरं."

भास्कर माझ्याकडे कौतुकाने बघत राहिला. काकांनी शेतीखात्यात इतकी वर्षं काढली ती उगीच नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मी मान खाली घातली, कारण ते वाक्य माझं नव्हतं. ते ज्यांचं होतं त्यांचं नाव मी पस्तीस वर्षांत एकाही कागदावर लिहिलेलं नाही. दर वर्षी दसऱ्याच्या आगेमागे कपाशीला बोंडं लागली, उन्हाला पितळेची धार आली, की ते नाव माझ्या घशाशी येतं. यंदा गिळणार नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. पाथरीच्या रस्त्याला सरकारी बियाण्याचं एक शेत होतं आणि मी तिथे सहायक होतो. गावातले लोक त्याला फारम म्हणत. त्या काळी बियात औषध घालण्याची गोष्ट कुणाच्या कानावरही नव्हती. औषध बाटलीत असे आणि शत्रू होती हिरवी बोंडअळी. ती निम्मी बोंडात शिरून डोकं आत, शेपूट बाहेर ठेवून खायची. जुन्या औषधांना ती दाद देईनाशी झाली तेव्हा नवं औषध आलं. त्याला जुन्या औषधांसारखा डोकं उठवणारा वास नव्हता. पाण्यात ते चमचाभरच टाकायचं, आणि पाणी दुधासारखं व्हायचं. सकाळी फवारलं की दुपारपर्यंत झाडांखाली अळ्यांचा सडा. आमचं नाचायचंच काय ते बाकी राहिलं होतं.

त्या औषधाची चाचणी आमच्या शेतावर होती. खुणेच्या झाडांखाली पांढरं फडकं अंथरायचं, फांद्या हलवायच्या, पडलेल्या अळ्या गोळा करायच्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला एकेका अळीला केसांच्या कुंचल्याने स्पर्श करायचा. हलली तर जिवंत, नाही हलली तर मेलेली. तसा आकडा वहीत लिहायचा, वहीतून तक्त्यात, आणि तक्ता वरच्या कचेरीत. चोवीस तास, एक कुंचला, एक वही. पद्धत सोपी होती आणि मला ती पक्की ठाऊक होती.

अळ्या गोळा करायला रोजावर बाया असत. त्यांच्यातल्या एक धुरपदाबाई. वयाने माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवाड्यात राहणाऱ्या. तेव्हा मी त्यांना "अगं धुरपदे" म्हणत असे आणि त्या मला "सायब, तुमी" म्हणत. आज त्यांच्याविषयी आदराने लिहितो आहे, त्यालाही उशीरच झाला.

त्यांची नजर मी विसरणं शक्य नाही. आम्ही झाडाभोवती फेऱ्या मारून अळी शोधायचो. त्या चार पावलांवर थांबून म्हणायच्या, "तिसऱ्या फांदीला, मागल्या अंगानं." तिथे ती असायचीच. विष्ठा ओली की सुकी यावरून अळी आत आहे की शेजारच्या बोंडावर गेली हे त्या सांगत. एकदा मी विचारलं, "तुला कसं कळतं गं?" तर म्हणाल्या, "लेकरू घरात हाय का भायेर गेलंय हे मायला कळत न्हाई व्हय?" बाकीच्या बाया हसल्या. एकजण म्हणाली, "धुरपदाबाईला लेकरं कमी पडली, आता अळ्या पाळायलीय." ही थट्टा किती खरी ठरणार होती हे कुणालाच माहीत नव्हतं.

फवारणीनंतरची ती दुसरी सकाळ. फडक्यावर अळ्या आडव्या पडल्या होत्या, धनुष्यासारख्या वाकलेल्या. मी कुंचला लावत होतो आणि मेलेल्या, मेलेल्या, मेलेल्या असं लिहीत होतो. धुरपदाबाई उकिडव्या बसून बघत होत्या.

"सायब, ह्या मेल्या न्हाईत."

"हलत नाहीत ना? मग?"

"चक्कर आलीय त्यांला. मेलेली अळी सांजच्याला काळी पडती, पिचकती. ही बगा, कालच्यावानीच टवटवीत हाय."

मी हसलो. अळीला चक्कर ही कल्पना मला इतकी मजेची वाटली की मी ती पुढे आठवडाभर चहाच्या टपरीवर सांगत होतो. त्या मात्र हसल्या नाहीत. "फेकायच्याच हायेत तर मला द्या," एवढंच म्हणाल्या आणि तीस अळ्या पळसाच्या पानात बांधून घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या नाराज होऊन आल्या. सगळ्या अळ्या एका डब्यात ठेवल्या होत्या. "सकाळी बगते तर निम्म्याच. येकमेकींला खाल्लं की मेल्यांनी. येक तर अशी पोट सुटलेली, पाटलीणबाईवानी." पण खाल्लं याचा अर्थ उठल्या, हे त्यांच्या बोलण्यात होतं आणि ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढच्या फवारणीला त्यांनी पुन्हा तीस अळ्या मागून घेतल्या. या वेळी कुंभाराकडून टवके उडालेल्या, विकल्या न गेलेल्या पणत्या आणल्या. एका पणतीत एक अळी, सोबत तुरीची कोवळी शेंग, वर दुसरी पणती उपडी. प्रत्येकीला स्वतंत्र घर. आमच्याकडे यासाठी काचेच्या कुप्या होत्या, कापसाचे बोळे होते. त्यांच्याकडे पणत्या होत्या, आणि मी अजूनही म्हणेन की पणत्या अधिक चांगल्या होत्या. मातीत हवा खेळते. काचेत अळीला घाम येतो.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यांनी टोपलं माझ्यासमोर ठेवलं. एकेक पणती उघडत गेल्या. पहिली, शेंगेला भोक पाडून डोकं आत. दुसरी, तशीच. तिसरी काळी पडून पिचकलेली. "ही मेली," त्या म्हणाल्या आणि ती पणती बाजूला ठेवली. त्यांनी मेलेलीही लपवली नाही. हे मला तेव्हा जाणवलं नव्हतं, आता जाणवतं. तीसपैकी आठ मेल्या होत्या. बावीस खात होत्या.

दुपारचं ऊन टोपल्यावर पडलं होतं. तुरीच्या शेंगेचा कच्चा वास येत होता. मी अळ्यांकडे बघत होतो आणि त्या माझ्या वहीकडे.

"लिव्हा की, सायब."

मी वही मिटली.

"माझं नाव नगा लिव्हू. पर अळीचं खरं लिव्हा."

नामांतराची ती वर्षं. विद्यापीठाला कुणाचं नाव द्यायचं यावरून गावं दुभंगली होती. त्याआधी घरं जळाली होती आणि त्याची राख लोकांच्या बोलण्यात अजून उडत होती. भिंतींवर घोषणा लिहिल्या जात आणि पुसल्या जात. आपलं नाव लिहिलं जावं यासाठी ज्यांची माणसं तुरुंगात जात होती, त्यांच्यातली एक बाई मला म्हणत होती की माझं नाव राहू द्या. मी म्हणालो, "बघू." तक्ता आदल्याच दिवशी वर गेला होता. त्यात तीसच्या तीस मेलेल्या होत्या. माझ्या बढतीचा कागदही त्याच कचेरीत, त्याच टेबलावर पडून होता. तक्ता परत मागवायचा तर आधी आपली मोजणी चुकली हे कबूल करावं लागणार होतं, आणि ती कुणी पकडली हेही.

महिनाभराने शेतावर शिवारफेरी झाली. आजूबाजूच्या गावचे शेतकरी आले. आमचे वरिष्ठ अधिकारी आले. माणूस वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. दोष त्यांच्यावर ढकलून मला सुटायचं नाही. ते बोलता बोलता बायांजवळ थांबले आणि धुरपदाबाईंना सहज विचारलं, "काय बाई, कशा मरतात अळ्या?"

"निम्म्याच्या वर उठत्यात, सायब. तिसऱ्या दिशी. म्या ह्या सायबाला दावल्या की पणत्यात."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. खरंच विचारत होते. एका शब्दाचं काम होतं.

"नाही," मी म्हणालो. "मला काही दाखवलं नाही. बाईचा काहीतरी गैरसमज झालाय."

मागून कुणीतरी शेतकरी बोलला, "नामांतर व्हायचंय अजून, आन् आत्ताच सायबाला शिकवायल्यात." हशा पिकला. मीही हसलो. हसलो, हे लिहिणं आवश्यक आहे.

धुरपदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता त्या बोलतील. पणत्या घरी होत्या, त्या आणून दाखवू शकत होत्या. चार बाया साक्षीला होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "असंल, सायब. म्या दुसऱ्या कुणाला दावल्या असतील."

दुसरं कुणी नव्हतंच. माझं खोटं त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि टोपलं उचलून पुढच्या ओळीत गेल्या. का घेतलं हे मी कित्येक वर्षं स्वतःला विचारत आलो. मला वाचवायला, असं वाटून घेणं सोपं आहे. पण मला वाटतं, त्यांनी तिथल्या तिथे एक हिशोब मांडला असावा. वही माझ्या हातात होती. मला चारचौघांत उघडं पाडलं असतं तर त्या वहीत अळीचं खरं कधीच आलं नसतं. अपमान झाला तरी चालेल, पण दार उघडं राहू द्यावं, असा तो शहाणपणा होता.

पुढच्या आठवड्याच्या हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं. कुणी काढलं, हे मी विचारलं नाही. मला बढती मिळाली आणि मी परभणीला गेलो.

औषधाचं पुढे काय झालं ते त्या काळच्या कुणालाही विचारा. दोन फवारण्यांच्या चार झाल्या, चारांच्या आठ. लोक दोन औषधं एकत्र करू लागले, मग तीन. पाथरीच्या बाजारात एक म्हातारा शेतकरी मला म्हणाला होता, "अळी पंपात सोडली तर पोहून वर येती आन् ढेकर देती." आम्ही हसायचो. पिढीमागून पिढी आम्ही मरणाऱ्या अळ्या वेचून मारत होतो आणि न मरणाऱ्यांना रान मोकळं करून देत होतो. आमच्या तक्त्यांत मात्र त्या मरतच होत्या, कारण आम्ही चोवीस तासांच्या पुढे थांबत नव्हतो.

भास्करच्या बियाण्याच्या पिशवीसोबत एक छोटं पाकीट येतं. साध्या कपाशीचं, औषध नसलेलं. कडेच्या चार ओळी त्याच्या लावा, असं त्यावर लिहिलेलं. भास्करने ते कधीच लावलं नाही. गावात कुणीच लावलं नाही. "काका, मुद्दाम अळ्यांसाठी कपाशी लावायची? येडे हाव का आमी?" असं तो म्हणायचा. पहिल्यांदा ते पाकीट गोठ्याच्या कोनाड्यात पडलेलं दिसलं तेव्हा मी ते बराच वेळ हातात धरून बसलो होतो. कारण त्या चार ओळी मी आधी पाहिल्या होत्या, असं पाकीट या जिल्ह्यात येण्याच्या कितीतरी आधी.

परभणीला गेल्यानंतर दोनेक वर्षांनी कामानिमित्त त्या गावावरून जाणं झालं. गावाच्या कडेच्या गायरानात, मुरमाड जमिनीतले दगड वेचून धुरपदाबाईंनी दीड एकराचा तुकडा उभा केला होता. त्यात कपाशी होती. कार्तिकातली सकाळ, पानांवर दव, आणि बोंडं फुटायला लागलेली. मोठ्या रानांतली कपाशी त्या वर्षी झाडून सारी गेली होती. ही मात्र उभी होती. फार भरघोस नव्हती, पण उभी होती. मी जीपमधून उतरलो.

त्यांनी मला पाहिलं आणि जुनं काहीच घडलं नसल्यासारखं म्हणाल्या, "या, सायब. लय दिसानं." मग स्वतःहून रान दाखवायला लागल्या. कडेने झेंडू, मध्ये मध्ये तूर. आणि पूर्वेकडच्या चार ओळी खाऊन चाळण झालेल्या.

"ह्या ओळींना फवारा मारला नाहीस?" मी विचारलं.

"न्हाई. ह्या त्यांच्या."

"कुणाच्या?"

"साध्या अळ्यांच्या." त्या हसल्या. "तुमी गेल्यावर म्या पणत्या सोडल्या न्हाईत. उठलेल्या अळ्यांची पाखरं केली, त्यांची लेकरं वाढिवली. तिसऱ्या पिढीला औषध म्हंजी पाणी. आन् हितल्या अळ्या, ज्यांनी फवारा बगितलाच न्हाई, त्या येका थेंबात जात्यात. मंग म्या म्हणलं, मरणाऱ्या बी जित्या ठेवाव्या लागत्यात, सायब. मरणाऱ्या सगळ्या मेल्या तर न मरणाऱ्यांनी सोयरीक कुणासंग करायची? आपसांतच करणार. मंग लेकरं समदी तसलीच निपजणार. चार ओळी साध्यांच्या ठिवल्या की सोयरीक मिसळती."

त्यांनी हे तुरीची शेंग सोलत सोलत सांगितलं. मी कृषी पदविका घेतलेला माणूस, दोन जिल्ह्यांच्या प्रशिक्षणांत बसलेला. आणि मी त्या दीड एकरात उभं राहून शिकत होतो. पायाखाली मुरूम टोचत होता. एक भोरडी ओरडत होती. पुढे बऱ्याच वर्षांनी हाच विचार सरकारी पत्रकात नीट भाषेत छापून आला तेव्हा मला प्रत्येक ओळ ओळखीची वाटली. पत्रक लिहिणारे शास्त्रज्ञ आपल्या वाटेने तिथे पोचले होते, त्यांचा मान त्यांना. पण या जिल्ह्यात त्या वाटेवर आधी एक अनवाणी बाई चालून गेली होती, आणि तिला पाहणारा सरकारी माणूस मी एकटा होतो.

जीपच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. त्या म्हणाल्या, "आता तरी वहीत लिव्हा."

"लिहितो," मी म्हणालो. खिशात वही होती. पेनही होतं.

तिसरी आणि शेवटची भेट पूर्णेच्या स्टेशनावर. नामविस्ताराचा निर्णय झाला होता, तो हिवाळा. फलाट निळ्या झेंड्यांनी भरलेला. बायापोरं, म्हातारे, डफ, गाठोडी, सगळे औरंगाबादकडच्या गाडीची वाट बघत होते. मी नांदेडला निघालो होतो. गर्दीतून हाक आली, "सायब." धुरपदाबाई. केस पांढरे झालेले, पाठ किंचित वाकलेली, अंगावर नवं पांढरं लुगडं. मला ओढूनच त्यांनी आपल्या बायांत बसवलं, फडक्यातली भाकरी मोडून मिरचीच्या ठेच्यासोबत माझ्या हातावर ठेवली. त्यांच्या हातचं मी आधी कधी खाल्लेलं नव्हतं. ते त्यांना ठाऊक होतं. मी पहिला घास घेईपर्यंत त्या बघत होत्या.

"लय दिस झाले बगा," त्या म्हणाल्या. "कपाशी कशी हाय परभणीकडं?"

"बरी नाही. अळी मरत नाही."

"ती कशी मरंल." मग अगदी हलक्या आवाजात, "वहीत लिव्हलं का मंग?"

आजूबाजूला डफ वाजत होते. ज्या नावासाठी त्यांच्या माणसांनी सोळा वर्षं वाट पाहिली ते नाव पाटीवर चढणार होतं आणि ते बघायला त्या निघाल्या होत्या. त्या दिवशी त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही. माफी मागणंही जमलं नाही.

"लिहिलं," मी म्हणालो. "तुमचं नावही लिहिलंय."

मी त्यांना तुम्ही म्हणालो होतो, पहिल्यांदाच. ते त्यांच्या लक्षात आलं की नाही, कुणास ठाऊक. त्यांचा चेहरा मात्र असा उजळला की मला बघवेना. त्या शेजारच्या बाईकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं का गं, ह्या सायबानं माझं अळीचं वहीत लिव्हलं. सरकारच्या." ती बाई दुसरीला सांगू लागली. गाडी आली. गर्दीच्या लोंढ्यात त्या दिसेनाशा झाल्या. मी हातातली भाकरी संपवली, ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं असं स्वतःला सांगितलं.

शिवारफेरीतलं खोटं भीतीपोटी बोललो होतो. ते माणसाकडून होतं. पण पूर्णेचं खोटं त्यांनी खरं मानून सोबत नेलं. पुढे त्या वारल्याचं कानावर आलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार हाच आला, की ते खोटं त्यांच्याबरोबर गेलं आणि आता ते मागे घ्यायला कुणी उरलं नाही.

मागे घेता येत नाही. पण खरं करता येतं, हे मला भास्करच्या डोमकळीने सुचवलं. काल ट्रंकेतून ती जुनी वही काढली. पानं पिवळी पडली आहेत, कडांना वाळवी लागली आहे, पण ते पान शाबूत आहे. माझ्याच अक्षरात लिहिलंय: अळ्या तीस, मेलेल्या तीस. भास्करला शेजारी बसवलं, सगळं सांगितलं. त्याने ते पान वाचून पाहिलं. शेवटी एवढंच म्हणाला, "काका, ते छोटं पाकीट पुढल्या साली लावतो." मग मी पेन उघडलं. जुन्या ओळीखाली नवी ओळ लिहिली. ते पान इथे उतरवतो आहे, म्हणजे वहीला वाळवीने खाल्लं तरी हे उरेल.

अळ्या तीस. चोवीस तासांनी निश्चल, तीस. तिसऱ्या दिवशी जिवंत, बावीस. मेलेल्या, आठ. मोजणी चुकीची करणारा, मी. बरोबर करणाऱ्या, धुरपदाबाई.